पंगतीची संख्या आणि संगणकाची वही
(सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



स्वामीवात्सल्याच्या भोजनाची मागणी केटररकडे नोंदविण्यासाठी वेब अ‍ॅप तयार करण्याचा संकल्प आपल्या तरुण मंडळींनी केला आहे. मी कापडाचा व्यापारी; संगणकाची भाषा मला अवगत नाही, परंतु हिशेबाच्या वहीची आहे. त्या आधारे चार गोष्टी आपणांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट संख्येची. पदार्थांची छायाचित्रे हा अ‍ॅपचा शृंगार, तर पानांची संख्या हा त्याचा प्राण होय. शिजविलेले ओलसर अन्न रात्र उलटताच आपल्याकडे अभक्ष्य ठरते. आज उरलेले उद्या वाढता येत नाही. ५०० पाने सांगावीत आणि ३५०च उठावीत, यात पैशाबरोबर जीवदयेचीही हानी आहे. यास्तव प्रत्येक कुटुंबाने आपली संख्या स्वतः नोंदवावी, ठरलेल्या वेळी नोंदणी बंद व्हावी आणि तीच बेरीज आचाऱ्याच्या हाती जावी. ज्येष्ठांची नोंद पेढीवर स्वयंसेवकांनी करून द्यावी.

दुसरी गोष्ट दराची. मागणी निश्चित झाली त्या दिवसाचा दर त्या मागणीतच लिहिला जावा. पुढे दरपत्रक बदलले तरी जुने बिल बदलता कामा नये. दुरुस्ती करावयाची तर खोडाखोड न करता तारखेसह नवी नोंद करावी.

तिसरी गोष्ट पुनरुक्तीची. इंटरनेट मंद असता माणूस बटण दोनदा दाबतो. प्रत्येक मागणीस आधीच स्वतंत्र क्रमांक दिलेला असल्यास संगणक दुसरी मागणी नाकारतो. एरवी ५०० पानांची १००० व्हायची.

चौथी गोष्ट आचाराची. कंदमूळ, पर्वतिथीची हिरवी भाजी, कच्च्या दह्यासोबत द्विदल यांचे नियम पदार्थांच्या यादीतच गुंफावेत. भोजनाची वेळ तारीख व गाव पाहून सूर्यास्ताशी जोडावी. मुंबईत जूनअखेर सूर्य ७.१५ नंतर मावळतो, डिसेंबरच्या आरंभी सुमारे ६ वाजता; साडेसहाची पंगत एका ऋतूत चालेल, दुसऱ्यात नाही. केटररच्या नावापुढे अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये मिळालेला १४ अंकी क्रमांकही असावा.

बंधू-भगिनींनो, यंत्र बेरीज अचूक करील. ‘आम्ही पाच जण येऊ’ हा शब्द पाळणे मात्र आपल्याच हाती आहे. तो आपण पाळू या.

जय जिनेंद्र.