रिकाम्या खोलीतला पंखा

श्रोतेहो, मला दहा मिनिटं मिळाली आहेत आणि समोरच्या कागदावर विषय असा टाइप केलाय: 'लघुउद्योगांसाठी ऊर्जाबचतीचं संगणन आणि व्हर्च्युअलायझेशन'. एवढं वाचण्यातच पाव मिनिट गेलं. मी याला सरळ कॉट बेसिस म्हणते.

हसू नका. मी कर्वेनगरात राहते. एका कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागात तीस वर्षं काढली, आणि निवृत्त झाल्यापासून घरातल्या दोन खोल्यांत पाच मुली कॉट बेसिसवर ठेवते. तीन कमिन्स कॉलेजच्या, दोन नोकरीवाल्या. म्हणजे आधी मशिनं सांभाळली, आता मुली सांभाळते, आणि दोन्हींत फारसा फरक नाही अशा मताला मी आले आहे. तसंही आमच्या कर्वेनगरचा पाया वसतिगृहाचाच. अण्णा कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली, आणि १९०० साली प्लेगच्या दिवसांत आश्रम शहरातून हिंगण्याच्या, म्हणजे आजच्या कर्वेनगरच्या, माळावर झोपडीत आला. एक छप्पर, खाली अनेकजणी, आणि जवळ असलेल्या चार गोष्टी सगळ्यांना पुरवून वापरायच्या. ती शिस्त आमच्या वस्तीला नवी नाही. दुकानांना आणि ऑफिसांना मात्र ती अजून लागलेली नाही, म्हणून तर मी इथे बोलायला बसले.

गेल्या वर्षी आमच्याच भागातल्या एका सीए ऑफिसात गेले होते, माझ्याच रिटर्नच्या कामाला. आतल्या छोट्या खोलीत तीन डबे घुमत होते. जुने टॉवर सर्व्हर हो. एकावर अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर, दुसऱ्यावर फायली. तिसऱ्यावर काय आहे म्हणून विचारलं, तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "आधीच्या मुलानं लावलाय, काकू. बंद करायचा नाही एवढं सांगून गेला." बरं, खोलीला एसी, तोही अठरावर, दिवसरात्र. माझ्या पर्समध्ये प्लगला लावायचा छोटा वॅटमीटर असतो, लोकांच्या पर्समध्ये छत्री असते तसा. परवानगी घेऊन लावला. ९५, ८० आणि ७५. एकूण २५० वॅट, आणि त्या वेळी तिघांपैकी एकावरही धड काम चाललेलं नव्हतं.

आता हिशेब करा. २५० वॅट वर्षभर चोवीस तास म्हणजे २१९० युनिट. एसीचे वेगळे. कारण सर्व्हरनं घेतलेली वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत पसरते, आणि ती बाहेर काढायला पुन्हा वीज लागते. एकाच जेवणाचे दोनदा पैसे. आणि ते ऑफिस चालतं किती? सहा दिवस, रोज दहा तास. आठवड्याचे तास १६८, त्यातले ६० कामाचे. उरलेले १०८ तास ही मशिनं कोणासाठी जागी असतात?

मुद्दा इथे आहे, तो निसटू देऊ नका. रिकामं मशीन जेवतं. आपल्याला वाटतं, काम नाही म्हणजे वीजही नाही. बैल बांधलेला आहे, नांगर धरलेला नाही. पण बांधलेल्या बैलालाही वैरण लागतेच ना? गूगलच्या लुइझ बारोझो आणि उर्स होल्झ्ले या दोघांनी २००७ साली हेच मांडलं होतं. त्यांच्या हजारो सर्व्हरची नोंद त्यांनी तपासली, तर बहुतेक सर्व्हर बहुतेक वेळ दहा ते पन्नास टक्के क्षमतेवरच चालत होते. आणि चांगला, काटकसरी म्हणावा असा सर्व्हरसुद्धा जवळपास काहीच काम नसताना पूर्ण विजेच्या निम्मी वीज खात होता. निम्मी! त्यानंतर मशिनं पुष्कळ सुधारली, मान्य आहे. पण त्या सीएंच्या खोलीतले डबे सुधारलेले नव्हते, आणि तुमच्या दुकानातलाही नसावा असा माझा कयास आहे.

आता कॉट बेसिस. समजा माझ्या पाच मुलींना मी पाच स्वतंत्र फ्लॅट घेऊन दिले. प्रत्येकीला वेगळा गीझर, वेगळा फ्रिज, वेगळा वायफाय. मुली दिवसभर कॉलेजात आणि ऑफिसात, आणि पाच फ्रिज पाच लिंबं गार करत बसलेले. वेडेपणा आहे की नाही? पण 'एक काम, एक सर्व्हर' म्हणजे हेच. व्हर्च्युअलायझेशन म्हणजे त्या पाचजणींना एका घरात आणणं. दणकट मशीन एकच घ्यायचं आणि त्यावर हायपरव्हायझर नावाचं सॉफ्टवेअर बसवायचं. ही घरमालकीण काकू. मग आत तीन-चार आभासी मशिनं. प्रत्येकीला वाटतं, मी स्वतंत्र आहे, माझं कपाट माझं, माझी किल्ली माझी. एकीनं खोलीत पसारा केला तर दुसरीला त्रास नाही. एक आजारी पडली, म्हणजे हँग झाली, तर तिला एकटीला उठवून बसवायचं, बाकीच्या झोपलेल्या राहतात. मेमरी किती, प्रोसेसर किती, कोणाला कधी, हे काकू ठरवते.

ही कल्पना काही परवाची नाही. आयबीएमनं १९७२ मध्येच मेनफ्रेमवर आभासी मशीन विकायला काढलं होतं. १९९९ मध्ये व्हीएमवेअरनं ते टेबलावरच्या साध्या पीसीवर आणलं. २००७ पासून लिनक्सच्या पोटातच केव्हीएम आहे, फुकट. तुमच्याकडे विंडोज प्रो असेल तर त्यात हायपर-व्ही पडून आहे, फक्त चालू करायचं. म्हणजे काकू घरातच आहे आणि तुम्ही बाहेर फ्लॅट शोधताय.

मला माहीत आहे, तुम्ही म्हणणार, हे मोठ्यांचं काम. मोठ्यांनी ते केव्हाच केलंय. ज्या १९९१ साली आमच्या इथे कमिन्स कॉलेज सुरू झालं, त्याच वर्षी पुण्यातल्याच सी-डॅक या सरकारी संस्थेनं परम ८००० हा महासंगणक उभा केला. तेव्हा सगळे विचारायचे, वेग किती? २०१३ मध्ये परम युवा २ आला, तेव्हा वेगाच्या जोडीला, आधीच्या यंत्रणेपेक्षा वीज साधारण ३५ टक्के कमी, हे आवर्जून सांगितलं गेलं. २०१९ मध्ये पाषाणला आयसर या विज्ञानसंस्थेत परम ब्रह्म बसला. त्याला थंड करायला अख्खी खोली गोठवत नाहीत, पातळ नळ्यांतून द्रव थेट चिपच्या अंगाशी नेतात. ज्यांच्यामागे सरकार उभं आहे ते विजेचा हिशेब ठेवतात, आणि ज्यांना बिल स्वतःच्या गल्ल्यातून भरायचंय ते म्हणतात, "असू दे काकू, चालतंय ना."

रिकामं मशीन जेवतं, हे पुन्हा सांगते. एसीचं तर विचारूच नका. सर्व्हरला अठरा अंश लागतात हे कोणी पसरवलं कोण जाणे. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंशांत असली तरी चालते, असं या क्षेत्रातल्या जाणत्या मंडळींचं मार्गदर्शक माप आहे. सत्तावीस! पंचवीसवर ठेवा. तिथे सर्व्हर बसलाय, आइस्क्रीम नाही.

आता कॉट बेसिसच्या अडचणी, कारण मी घर भाड्यानं देणारी आहे, दलाल नाही. पहिली अडचण सकाळी सातची. पाचही मुलींना एकदम गरम पाणी. सर्व्हरवर ही वेळ रात्री येते: सगळ्या आभासी मशिनांचा बॅकअप एकाच ठोक्याला लावलेला असतो, आणि डिस्क धापा टाकते. वेळा वाटून द्या, अर्ध्या अर्ध्या तासानं. दुसरी, प्रत्येकीला दिवसभराचं गरम पाणी कबूल करून बसायचं नाही. मेमरी आहे त्याहून जास्त वाटली की कोणीतरी थंड पाण्यानं आंघोळ करणार. तिसरी अडचण खरी मोठी. घरच पडलं तर? पाच फ्लॅटपैकी एक पडला तर एक मुलगी रस्त्यावर, एक घर पडलं तर पाचही. म्हणून दुसरीकडे एक काकू हवी. मोठ्या कंपन्यांत तर चालू मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवतात, म्हणजे झोपलेल्या मुलीला कॉटसकट उचलून शेजारच्या घरी ठेवायचं आणि तिला सकाळपर्यंत पत्ता लागू द्यायचा नाही. तुम्हाला तेवढं नको. पण बॅकअपची प्रत वेगळ्या मशीनवर, शक्यतो वेगळ्या जागी, हवीच. त्याच मशीनमधल्या बॅकअपला मी बॅकअप म्हणत नाही. आणि गुरुवारी वीज जाते हे पुण्यात कोणाला सांगायला नको, तेव्हा यूपीएसनं मशीन नीट बंद करायला हवं, त्याची सेटिंग...

स्टुडिओच्या काचेपलीकडून दोन बोटं दाखवताहेत, दोनच मिनिटं उरली. बरं. यूपीएस राहू दे. डोंगलवर चालणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरचंही राहिलं, ते आभासी मशीनमध्ये न्यायच्या आधी विकणाऱ्याला विचारा. परवान्याचंही विचारा. आणि नवं मशीन घेतानाही, निम्मं रिकामं राहील एवढं मोठं घेऊ नका, नाहीतर पुन्हा तेच. काय ते आता तुम्हीच म्हणा.

आज शटर ओढायच्या आधी एवढंच करा. दिवे मालवा आणि अंधारात दोन मिनिटं उभे राहा. कुठून घरघर येते, कुठे हिरवा दिवा लुकलुकतो, ते मोजा. प्रत्येकाजवळ जाऊन विचारा, तू कोणासाठी जागा आहेस? उत्तर आलं नाही तर त्या मशीनवर कागद चिकटवा आणि तारीख घाला.

तो तिसरा डबा राहिलाच की. त्या सीएंनी धीर करून आधी त्याचा बॅकअप घेतला आणि मग तो बंद केला. पंधरा दिवस ठेवू बंद, कोणाचं काही अडलं तर कळेलच, असं आमचं ठरलं. पहिले दोघं आता एकाच मशीनवर सुखानं नांदतायत. तिसऱ्याबद्दल पंधरा दिवसांत तक्रार आली एकच, तीही ऑफिसातल्या मामांची. ते रोज आपला जेवणाचा डबा त्याच्यावर ठेवायचे, दुपारपर्यंत पोळी ऊन राहायची.