कार्डावरची गोष्ट

यंत्रासाठी आज्ञावली रचणारा आणि ती वापरणारा यांच्यामध्ये बहुधा कागदांचा डोंगर उभा असतो. डेट्रॉईट येथे क्रायस्लर कंपनीच्या वेतनाचे सॉफ्टवेअर तयार होत असता, १९९६ च्या सुमारास केंट बेक व त्यांचे सहकारी यांनी तो बाजूला सारला. वेतनाचे काम जाणणाऱ्याने एकेक गरज लहानशा कार्डावर साध्या भाषेत लिहावयाची आणि रचनाकारांनी त्याच्याशेजारी बसून ती समजून घ्यावयाची, असा प्रघात पडला. हीच ‘यूजर स्टोरी’ होय.

२००१ मध्ये रॉन जेफ्रीज यांनी तिची तीन अंगे सांगितली : कार्ड, संभाषण आणि खातरजमा. यांतील मधले अंग सर्वांत मोलाचे. ‘कारकुनाला जादा कामाचे तास दुरुस्त करता यावेत, म्हणजे कामगाराचा पगार चुकणार नाही’ एवढेच कार्डावर असते. दुरुस्तीची मुदत कोणती, मंजुरी कोणाची, हे प्रश्न बोलण्यातूनच सुटतात; आणि त्या उत्तरांवरूनच काम पुरे झाल्याची कसोटी ठरते.

क्रायस्लरचे ते काम २००० मध्ये बंद झाले. पद्धत मात्र टिकली. तथापि कार्डे साठत गेली आणि बोलणे थांबले, तर तोच डोंगर तुकड्यातुकड्यांनी पुन्हा उभा राहतो, आणि चुकलेल्या पगाराची झळ अखेर कामगारालाच लागते.