संग्रहालयातील एक संध्याकाळ आणि आपले कपाट

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात सोनिवली येथे केलेले भाषण)

 

 मी विद्वान नाही. बी.कॉम.चा निकाल लागला आणि वडिलांनी दुकानाच्या गादीवर बसवले. तेव्हापासून माझे आयुष्य तागे, मीटरपट्टी आणि खतावणी यांतच गेले. तरीही आज मी एका संग्रहालयाविषयी आणि तेथे अनुभवलेल्या एका विनामूल्य संध्याकाळविषयी बोलणार आहे. त्या संध्याकाळचा आपल्या ट्रस्टच्या कपाटाशी काय संबंध, ते ओघाने निवेदन करीन.

मुंबईत १९९९ साली सुरू झालेला काळा घोडा कला महोत्सव फेब्रुवारीच्या सुमारास भरतो. त्याच्या कार्यक्रमांना प्रवेशमूल्य नसते. काही वर्षांपूर्वी नातीच्या हट्टामुळे आम्ही उभयता तेथे गेलो. बदलापूरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत लोकलचा दीड तासाहून अधिक प्रवास, त्यात परतीच्या गाडीची काळजी. मनात म्हटले, फुकटच्या गाण्यासाठी एवढा खटाटोप कशाला? पण नातीपुढे आजोबांचे काय चालणार!

दुपारी आम्ही छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची दालने पाहिली. दालनांना रीतसर तिकीट असते, ते काढले. तेथे बाहुबली स्वामींची कांस्यमूर्ती आहे. उंची दोन फुटांहूनही कमी. मूळची ती श्रवणबेळगोळची. श्रवणबेळगोळच्या ५७ फुटी पाषाणमूर्तीचे दर्शन मी दोनदा घेतले आहे. परंतु त्याहूनही प्राचीन असलेली ही लहानशी मूर्ती मुंबईत आहे, हे मला साठी ओलांडेपर्यंत ठाऊक नव्हते. पायांवरून, हातांवरून वेली चढल्या आहेत आणि मुद्रेवर तीच अढळ शांती. हात आपोआप जोडले गेले.

पाच वाजता हिरवळीच्या कडेला बसून सौभाग्यवतींनी डबा उघडला. आमचा चौविहार, तेव्हा सूर्यास्तापूर्वी आटोपणे भाग होते. तेथून जवळच राजाबाई टॉवर आहे. कापसाचे थोर व्यापारी शेठ प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या मातोश्रींच्या नावे दिलेल्या देणगीतून तो १८७८ साली पूर्ण झाला. त्या मातोश्रींना दिसत नसे आणि घड्याळाच्या टोल्यांवरून त्या सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ ओळखीत, अशी आख्यायिका आहे. ती मी नातीला सांगितली. त्याच प्रेमचंद रायचंद यांच्या नावाचे एक दालन या संग्रहालयातही आहे.

पुढे दिवे लागले आणि गायन सुरू झाले. माझ्या शेजारी कोण होते? एका बाजूला महाविद्यालयातील मुले-मुली, दुसऱ्या बाजूला पायांतील चपला उशाशी ठेवून निवांत बसलेला एक हमाल, पलीकडे मोटारीतून आलेले एक कुटुंब. कोणी कोणाला ‘तुम्ही कोण’ असे विचारले नाही. माझ्या पेढीवर चाळीस वर्षांत अशी माणसे एका पंगतीत बसलेली मी पाहिली नव्हती.

या वास्तूचा इतिहासही असाच लोकांच्या सहभागाचा आहे. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी तिची कोनशिला बसली. इमारत उभी राहिली, तोच पहिले महायुद्ध आले आणि तेथे लष्करी रुग्णालय झाले. अखेर १० जानेवारी १९२२ रोजी ती जनतेसाठी खुली झाली. शेठ पुरुषोत्तम मावजी यांनी जमविलेला संग्रह संग्रहालयाने १९१५ साली घेतला. पुढे सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांचे संग्रह तेथे आले. म्हणजे घरातील कपाटांत आणि दिवाणखान्यांत जे होते, ते सर्वांच्या दृष्टीस पडले.

इतके दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. आपल्या शेजारी अंबरनाथला शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. त्या परिसरातही अलीकडे कला महोत्सव झाला. नामवंतांचे गायन-वादन झाले, अलोट गर्दी लोटली. मीही गेलो होतो. परंतु नऊशेहून अधिक वर्षे उभ्या असलेल्या त्या भिंतींवरील शिल्पांकडे आम्हा गर्दीतील किती जणांनी वळून पाहिले? मी तरी पाहिले नाही, हे प्रांजळपणे कबूल करतो. दार उघडले, तिकीट माफ केले, की काम संपले असे नव्हे. हाताला धरून ‘हे पाहा, हे असे आहे’ म्हणून सांगणारा कोणीतरी लागतो. मुंबईला ते काम माझ्या नातीने केले.

बंधुभगिनींनो, ही कल्पना पाश्चात्त्यांकडून आली असे आपल्याला वाटते. १८ मे हा जागतिक संग्रहालय दिन १९७७ पासून साजरा होतो. युरोपात मे महिन्यातील एका रात्री असंख्य संग्रहालये उशिरापर्यंत उघडी असतात. हे स्तुत्यच आहे. पण आपल्या परंपरेत काय आहे? कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, भांडारातील पोथ्या बाहेर काढावयाच्या, पावसाळ्याची ओल घालवावयाची, वेष्टने बदलावयाची आणि सर्वांना दर्शन घडेल अशा मांडावयाच्या. दिगंबर बांधवांची श्रुतपंचमी ज्येष्ठात असते, भाव तोच. पुढे दहा दिवसांनी कार्तिकी पौर्णिमा. चातुर्मासात थांबलेली शत्रुंजयाची यात्रा त्या दिवशी पुन्हा सुरू होते आणि ज्यांना पालीताण्यास जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी गावोगावी कापडावर रंगविलेला गिरिराजाचा पट उभारून दर्शन घडवितात. कल्पसूत्र पूर्वी साधुवृंदातच वाचले जाई. आनंदपूरच्या ध्रुवसेन राजाला पुत्रशोक झाला, तेव्हा त्याच्या सांत्वनार्थ ते प्रथम सभेत वाचले गेले, असे परंपरा सांगते. दुःखी माणसासाठी पूर्वाचार्यांनी पोथी सर्वांसमोर उघडली. आपण मात्र कपाटाला कुलूप लावून निश्चिंत झालो.

आता त्या कपाटाविषयी. ट्रस्टच्या आरंभीच्या काळात एका कुटुंबाने शत्रुंजयाचा जुना पट आपल्याला अर्पण केला होता, हे येथील काही ज्येष्ठांना स्मरत असेल. सुरुवातीची काही वर्षे तो कार्तिकी पौर्णिमेला लागत असे. पुढे छापील पट आला, अधिक झगझगीत, आणि जुना पट घडी घालून लोखंडी कपाटात गेला. कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. २६ जुलै २००५ च्या महापुरात पाणी आत शिरले. चिखल उपसणे, लोकांना धान्य-कपडे पोचविणे यांत आठवडा गेला. कपाट उघडले तेव्हा खालच्या खणातील पट ओलाचिंब होता. अर्ध्या भागातील रंग एकमेकांत मिसळले होते, बुरशी धरली होती. वाळविल्यावर तो घड्यांवर तुटू लागला.

मी कापडाचा व्यापारी आहे. दुकानात एखादा तागा फार दिवस पडून राहिला, तर त्याची घडी मोडून दुसरीकडे घालावी, नाहीतर कापड घडीवर विरते, हे मी नोकरांना शेकडो वेळा सांगितले असेल. रंगविलेले कापड घडी न घालता गुंडाळून ठेवावे, हेही समजण्याइतकी अक्कल मला होती. विकावयाच्या मालाची मी जी काळजी घेतली, ती संघाच्या ठेव्याची घेतली नाही. पुराला दोष देऊन मी आजवर गप्प राहिलो. परंतु पूर एका दिवसाचा होता आणि पट त्यापूर्वी कित्येक वर्षे कोणी उघडलेला नव्हता. दर वर्षी तो बाहेर निघाला असता, तर खालच्या खणात राहिलाच नसता. याबद्दल सकल संघाची मी अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो.

पटाचा वरचा अर्धा भाग शाबूत आहे. शिखरे, मुख्य जिनालय आणि चढून जाणारे यात्रेकरू स्पष्ट दिसतात. म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात माझी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे. पटाची आणि पोथ्यांची तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. मुंबईच्या उपरोक्त संग्रहालयाचे स्वतःचे कलासंवर्धन केंद्र आहे, तेथे प्रथम विचारणा करावी. तसेच दर वर्षी ज्ञानपंचमी ते कार्तिकी पौर्णिमा या दिवसांत एक संध्याकाळ सोनिवलीतील सर्वांसाठी विनामूल्य खुली ठेवावी. सर्वांसाठी म्हणजे केवळ संघासाठी नव्हे. शेजारच्या पाड्यातील मुले, शाळेतील शिक्षक, रिक्षावाले, भाजीवाल्या मावशी, सर्वांना आवर्जून निमंत्रण द्यावे. पाच वाजता अल्पोपाहार, सूर्यास्तानंतर स्तवने आणि शाळेतील मुलांचे गायन. आशातना होऊ नये म्हणून पोथ्या काचेखाली असाव्यात आणि प्रत्येक वस्तूजवळ माहिती सांगणारा एक युवक किंवा युवती उभी असावी.

पहिल्या तीन वर्षांचा खर्च मी उचलीन. हे दान नाही. माझ्या खात्यावर निघालेली जुनी बाकी आहे, असे समजावे. पटाजवळ मी स्वतः उभा राहीन. त्याचा खालचा भाग असा का झाला, असे मुले विचारतील, तेव्हा खरे काय ते सांगेन.