चीनची सुरक्षिततेची कल्पना

हुबळीहून सुमारे पन्नास किलोमीटर अंतरावर, उत्तर कन्नड जिल्ह्यात, मुंडगोड हे गाव आहे. १९६६ साली तेथे तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली आणि पुढे ल्हासानजीकच्या गांदेन व द्रेपुंग या प्राचीन मठांची परंपरा त्या परिसरात पुन्हा उभी राहिली. तेव्हा चीनचे सुरक्षाविषयक धोरण हा हुबळी-धारवाडकरांना दूरदेशीचा विषय वाटण्याचे कारण नाही. त्या धोरणाचा एक परिणाम आपल्या शेजारीच नांदत आहे.

हे धोरण समजून घ्यावयाचे, तर चिनी राज्यकर्ते आपल्या इतिहासाकडे कसे पाहतात हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. १८३९ साली सुरू झालेल्या अफूच्या युद्धापासून १९४९ पर्यंतच्या काळाला ते 'अपमानाचे शतक' म्हणतात. ज्या अफूपायी ते युद्ध झाले, तिच्यात मुंबई बंदरातून गेलेली माळव्याची अफूही होती, हे आपण विसरता कामा नये. केंद्रसत्ता दुर्बळ झाली आणि सीमा उघड्या पडल्या, म्हणून परकीयांचे फावले, असा धडा त्यांनी घेतला. साहजिकच तिबेटचा प्रश्न त्यांना परराष्ट्रांशी चर्चा करण्याजोगा वाटत नाही. तो त्यांच्या लेखी राष्ट्राच्या अखंडतेचा प्रश्न आहे.

२९ एप्रिल १९५४ रोजी पेकिंग येथे झालेल्या भारत-चीन कराराच्या प्रस्तावनेत पंचशीलाची तत्त्वे आली. परंतु मूळ करार होता तिबेटशी व्यापार व ये-जा यांविषयीचा, आणि त्यात 'चीनचा तिबेट प्रदेश' असे शब्द होते. आपण त्यात मैत्रीचे आश्वासन वाचले. चीनने आपल्या सार्वभौमत्वाची मान्यता वाचली. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आश्रयास आले. जून १९६२ मध्ये कराराची मुदत संपली आणि ऑक्टोबरात युद्ध पेटले.

एप्रिल २०२२ मध्ये अध्यक्ष शी जिनपिंग यांनी 'जागतिक सुरक्षा उपक्रम' मांडला. सुरक्षितता अविभाज्य आहे, एका राष्ट्राने दुसऱ्यास असुरक्षित करून स्वतः निर्धास्त होऊ नये, असे त्याचे सूत्र आहे. सूत्र निर्दोष आहे. पण त्याआधी दोनच वर्षे, जून २०२० मध्ये, गलवान खोऱ्यात भारताचे २० जवान धारातीर्थी पडले होते. सीमाप्रश्न त्याच्या जागी ठेवून इतर सहकार्य वाढवावे, असे चीनचे म्हणणे. सीमेवर शांतता नसेल तर इतर संबंध सुरळीत होणार नाहीत, असे भारताचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये गस्तीविषयी समझोता झाला, तेव्हा कुठे उभय नेत्यांची कझान येथे विधिवत भेट झाली.

शेजाऱ्याचे भय जाणून न घेता केलेली मैत्री भाबडी ठरते, हा १९५४ चा धडा आहे. मात्र भय जाणणे निराळे आणि त्यापुढे मान तुकवणे निराळे. सुरक्षितता खरोखरच अविभाज्य असेल, तर चीनलाही आपल्या शेजाऱ्यांचे भय ऐकून घ्यावे लागेल. त्याच्या शब्दांची पारख परिषदांच्या व्यासपीठावर होणार नाही. ती हिमालयाच्या सीमेवरच होईल.