पाण्यावरचा पतंग आणि आम्ही
(मंडळाच्या मकरसंक्रांत मेळाव्यात केलेले भाषण)



संक्रांतीच्या मेळाव्यात पतंगावर बोलावे अशी आज्ञा झाली, तेव्हा कार्यकारिणीला आमच्या बालपणीच्या आठवणी ऐकावयाच्या असाव्यात, असा आमचा गोड गैरसमज झाला. चिटणीसांनी तो लागलीच दूर केला. गेल्या आषाढात आपल्याच एका कुटुंबातील मुलास रामेश्वरच्या समुद्रात पतंगाने ओढून नेले आणि वल्लम घेऊन निघालेल्या कोळ्यांनी त्याला परत आणले, ही हकिगत आपणा सर्वांस ठाऊक आहे. तेव्हापासून 'मंडळाच्या सहलीत त्या खेळास बंदी असावी' असा ठराव कार्यकारिणीपुढे पडून आहे. नोकरीनिमित्त आम्ही दोन वर्षे रामेश्वर बेटावर काढली आणि वयाच्या ५३ व्या वर्षी, सौभाग्यवतींचा लेखी नसला तरी तोंडी विरोध पत्करून, हा खेळ शिकलो. ठरावावर मत देण्यास आम्ही पात्र ठरलो ते एवढ्याच कारणाने. त्या मुलाच्या आईवडिलांच्या संमतीने त्याची हकिगतही सांगणार आहोत; नाव मात्र घेणार नाही.

या खेळाला काइटबोर्डिंग म्हणतात. पायांत फळी, कमरेला पट्टा, हातात दांडी आणि दांडीपासून वीस-पंचवीस मीटर लांब दोऱ्यांच्या टोकाला मोठा पतंग. पतंग वाऱ्यावर ओढतो आणि माणूस पाण्यावरून सरकतो. कल्पना जुनीच आहे. आम्ही इतिहास विषय घेऊन बी. ए. झालो असल्यामुळे एवढे विषयांतर क्षम्य मानावे. इंग्लंडात ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक या शाळामास्तराने १८२६ साली पतंगाने ओढावयाच्या गाडीचे पेटंट घेतले होते. घोडा नाही म्हणून नाक्यावर पथकरही नाही, अशी त्या गाडीची मौज सांगतात. पाण्यावर मात्र एक अडचण होती. पतंग एकदा समुद्रात पडला की भिजून तिथेच राहावयाचा. फ्रान्समधील लेगेन्यू बंधूंनी १९८४ साली हवा भरलेल्या नळ्यांच्या सांगाड्याच्या पतंगाचे पेटंट घेतले. तो बुडत नाही आणि पाण्यावरून पुन्हा उडविता येतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच आला. त्याच्या शर्यती मार्सेयच्या समुद्रात झाल्या. तेव्हा ही काही उडाणटप्पूंची उठाठेव नव्हे, इतके मान्य व्हावे.

आता मूळ मुद्दा. आपण सर्वांनी गच्चीवर पतंग बदवलेला आहे. कण्णी बांधावी, ढील द्यावी, ओढ लागली की खेचावे. आणि काही झाले तरी मांजा हातातून सोडू नये, बोट कापले तरी बेहत्तर. हा संस्कार लहानपणीच हाडीमासी खिळतो. पाण्यावरच्या पतंगात नेमका तोच घातक ठरतो. इथे दांडी अंगाकडे ओढली की मागच्या दोऱ्या ताणल्या जातात, पतंग वारा अधिक धरतो आणि ओढ वाढते. दांडी सोडली की तो मवाळ होतो. म्हणजे भ्यालेला माणूस जे करतो, तेच त्याला संकटात ढकलते.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. तिसऱ्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात आम्ही ९ चौरस मीटरचा पतंग धरून उभे होतो. वाऱ्याचा झोत आला. आम्ही सरकारी नोकरीतील तीस वर्षांच्या निष्ठेने दांडीला चिकटून राहिलो. शिक्षक मागून ओरडत होता, "विडुंगा सार, विडुंगा!" म्हणजे, सोडा साहेब, सोडा. तमिळ आम्हाला उत्तम समजते. परंतु त्या क्षणी हातांना समजले नाही. पंधरा-वीस हात अंतर आम्ही पालथे, तोंडाने समुद्र पीत पार केले. चष्मा त्या दिवशी गेला तो गेलाच.

म्हणून पहिला धडा सोडण्याचा, आणि त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, दांडी सोडणे. पतंग कमरेच्या कडीला जोडलेलाच असतो, केवळ त्याची ओढ कमी होते. तेवढ्याने भागले नाही तर दुसरी: कमरेसमोरचे लाल कोंडके ढकलावयाचे. त्यासरशी कडी उघडते, पतंग एकाच दोरीवर राहतो आणि धुणे वाळत घातल्यासारखा फडफडत खाली येतो. तोही कशात अडकून ओढू लागला तर तिसरी: ती सुरक्षादोरीसुद्धा सोडून पतंगाला रामराम करणे. ही शेवटची, कारण सुटलेला पतंग किनाऱ्यावरच्या दुसऱ्या कोणाला लागू शकतो. लाल कोंडके डोळे मिटून, दोन्हींपैकी कोणत्याही हाताने सापडले पाहिजे. आमच्या शिक्षकाने ते आमच्याकडून कोरड्या वाळूत पन्नास वेळा उघडवून घेतले. आम्हाला तेव्हा तो पोरखेळ वाटला होता.

दुसरा धडा वाऱ्याचा. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे आणि समोर एक अर्धे घड्याळ कल्पावे. डोक्यावर बारा, डाव्या हाताला नऊ, उजव्या हाताला तीन. या कडांवर पतंगाला ओढ फार थोडी. समोर मध्यभागी, पाण्यालगत, ती सर्वांत जबर. नवशिक्याचा पतंग चुकून त्या मधल्या भागातून सूर मारतो आणि माणूस उचलला जातो. पतंग उडविताना तो कडेला धरूनच उडवावयाचा, कधीही समोर ठेवून नव्हे. जमिनीवर असताना तो डोक्यावर बाराला सुरक्षित असतो, असे वाटते. तेही खरे नाही. झोत आला तर तिथून तो सरळ वर उचलतो, आणि खाली वाळू असते, पाणी नव्हे. पाण्याच्या बाजूला, कडेला, खाली ठेवून लवकर पाण्यात उतरावे.

वाऱ्याचे गणितही विचित्र आहे. वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. १२ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर, हा शिकण्याजोगा वारा. तोच २४ झाला तर हातातला पतंग जणू चार पतंगांचा होतो. म्हणून क्षितिजावर काळा ढग दिसला की तो येण्याच्या आत पतंग उतरवावयाचा. 'आणखी एक फेरी' म्हणणाऱ्यांची गाठ झोताशी पडते. पांबनच्या जुन्या रेल्वेपुलावरही वारा ठराविक मर्यादेपुढे गेला की गाडी रोखून धरीत. जिथे आगगाडी थांबावी लागली, तिथे आपण थांबण्यात कसली आली नामुष्की? डिसेंबर १९६४ मध्ये त्याच समुद्राने धनुष्कोडी गाव आणि उतारूंनी भरलेली गाडी गिळली, हे ज्येष्ठांना सांगावयास नको.

आणि आता त्या मुलाची हकिगत. कारण त्याची चूक वाऱ्याच्या दिशेची होती. रामेश्वर हे बेट आहे. उत्तरेस पाल्कचा उपसागर, दक्षिणेस मन्नारचे आखात. आषाढात वारा नैर्ऋत्येचा असतो. तो दक्षिण किनाऱ्यावर समुद्राकडून जमिनीकडे येतो आणि तोच वारा बेट ओलांडून उत्तर किनाऱ्यावर जमिनीकडून समुद्राकडे जातो. पौषात ईशान्येचा वारा सुटला की सगळे उलटे. दक्षिण किनारा त्या दिवशी खवळलेला होता. मुलाने उत्तर किनारा पाहिला. पाणी ताटासारखे सपाट. त्याला वाटले, नवशिक्यास हेच बरे. वास्तविक ते पाणी सपाट होते ते वारा पाठीमागून, जमिनीकडून येत होता म्हणून. कोकणच्या कोळ्याला हे सांगावे लागत नाही. मतलई वारा होडी बाहेर नेतो, खारा वारा घरी आणतो, हे त्याला उपजत ठाऊक. आपली मुले मदुरैच्या सराफकट्ट्यात वाढलेली, त्यांना कोणी सांगावे?

कोणाकडून तरी घेतलेला जुना पतंग, शिक्षक नाही, शिरस्त्राण नाही, किनाऱ्यावर पतंग धरावयास दुसरा माणूस नाही. पतंग उडाला, मुलगा निघाला, आणि दहा मिनिटांत किनारा लहान दिसू लागला. परत येता येईना. त्याने एक गोष्ट मात्र बरोबर केली. पतंग पाण्यात पडल्यावर तो टाकून पोहत सुटला नाही. हवा भरलेल्या नळीला धरून तरंगत राहिला. त्या रंगीत कापडामुळेच वल्लमवाल्यांना तो दिसला. सोडावयाची ती ओढ. तरंगणारी वस्तू सोडावयाची नाही. हा भेद त्याला कोणी शिकविला नव्हता, देवाने सुचविला.

आम्ही त्याला भेटावयास गेलो तेव्हा विचारले, "बाबा रे, आम्ही तिथे दोन वर्षे शिकत होतो हे तुला ठाऊक होते. विचारले का नाहीस?" तो म्हणाला, "काका, विचारले असते तर तुम्ही घरी सांगितले असते, आणि घरून नाहीच आले असते." त्याची आई जवळच बसली होती. वहिनी काही बोलल्या नाहीत.

अध्यक्षमहाराज, या उत्तरामुळे आमचे मत ठरावाच्या विरुद्ध झाले. आज बंदी नसताना मुलगा चोरून गेला. बंदी घातल्यावर आणखी दोघे चोरून जातील, एवढाच फरक पडेल. आमची शिफारस सशर्त मंजुरीची आहे. खेळ शिकावयाचा तर प्रशिक्षित शिक्षकाकडेच. आधी वाळूवर दोन-तीन चौरस मीटरचा छोटा पतंग. मग फळीवाचून नुसते पाण्यातून ओढले जाण्याचा सराव, कारण हातची निसटलेली फळी त्याच कौशल्याने परत मिळवावी लागते. आणि मग फळी. पाण्यावर उभे राहण्यास बहुतेकांना आठ-दहा तास पुरतात. आम्हाला किती लागले ते सौभाग्यवती सांगतील. पोहता येणे, शिरस्त्राण आणि तरंगते जाकीट यांत सवलत नाही. वारा जमिनीकडून असेल तर पतंग पिशवीतून काढावयाचाच नाही. वाऱ्याच्या खालच्या अंगाला शंभर मीटर तरी माणसे, होड्या, जाळी आणि विजेच्या तारा नसाव्यात. आणि जेवढे अंतर पोहून परतता येईल, तेवढेच आत जावे.

खर्चाचा आणि विम्याचा प्रश्न खजिनदारांनी काढला होता. तो कार्यकारिणीत बोलू.

आमची जुनी दांडी पट्ट्यासह आज सोबत आणली आहे. व्यासपीठाच्या उजव्या बाजूस, तिळगुळाच्या टेबलाजवळ ठेवली आहे. पतंग जोडलेला नाही, निश्चिंत असावे. मेळावा आटोपल्यावर ज्यांना इच्छा असेल त्यांनी पट्टा कमरेला बांधून, डोळे मिटून ते लाल कोंडके उघडून पाहावे. दाखविण्यास तोच मुलगा तिथे उभा राहणार आहे. पहिला क्रम आयांचा, असे आम्ही त्याच्याशी ठरविले आहे.