मोठें आतडें काढावें लागतें तेव्हां

शौचावाटे रक्त पडूं लागलें म्हणजे परभणी जिल्ह्यांतला मनुष्य प्रथम मूळव्याधीचें औषध शोधतो. जिंतूर, सेलू, गंगाखेड, कोठल्याहि बाजारपेठेंत तशी पाटी सांपडते, आणि दुखणें चारचौघांत सांगण्यासारखें नसल्यामुळें घरांतहि त्याची फारशी वाच्यता होत नाहीं. पुष्कळांच्या बाबतींत मूळव्याधीचा तर्क खराहि असतो. परंतु रक्ताबरोबर आंव पडते, दिवसांतून आठ-दहा वेळां धांवावें लागतें, रात्रीं झोपेंतून उठावें लागतें आणि हा क्रम आठवड्यांमागून आठवडे चालतो, तेव्हां संशय दुसरीकडे न्यावयास हवा. मोठ्या आतड्याच्या आंतल्या अस्तराला सूज येऊन तेथें व्रण पडण्याचा एक दीर्घकालीन विकार आहे. ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ हें त्याचें वैद्यकीय नांव. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल विल्क्स यांनीं १८५९ सालीं त्याचें वर्णन केलें; मात्र तो मुळांत कां जडतो याचा पक्का उलगडा अद्याप झालेला नाहीं. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते, एवढें दिसतें.

या देशांत निदानाची एक विशेष अडचण आहे. अमीबामुळें होणारी आंव आणि आतड्याचा क्षय हीं दोन दुखणीं बाहेरून पुष्कळ अंशीं अशींच भासतात. कोलायटिसवर स्टेरॉइड गुणकारी. तेंच अमीबाच्या रोग्याला दिलें तर आतडें फुटण्यापर्यंत पाळी येते. म्हणून शौचाची तपासणी करून, आणि गुदद्वारांतून नळीची दुर्बीण घालून काढलेला अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहूनच उपचार ठरवावे लागतात.

शस्त्रक्रियेची पाळी सर्वांवर येत नाहीं. ऑक्सफर्डचे ट्रुलव्ह आणि विट्स यांनीं १९५५ सालीं कॉर्टिझोनचा उपयोग पद्धतशीर प्रयोगानें सिद्ध केला, आणि तेव्हांपासून तीव्र झटक्यांत दगावणारांची संख्या पुष्कळ उतरली. पुढें आणखीहि औषधें आलीं. तरी कांहींना औषध लागूच पडत नाहीं, कांहींना स्टेरॉइड सोडवतच नाहीं, आणि आठ-दहा वर्षें विकार मुरलेल्या कांहींच्या आतड्यांत कर्करोगाचीं पूर्वचिन्हें दिसूं लागतात. अशांचें मोठें आतडें काढावें लागतें. विकार मोठ्या आतड्यापुरताच असल्यामुळें तें पूर्णपणें गेलें कीं आतड्यांतला रोगहि गेला. एवढी यांतली जमेची बाजू.

पोट उघडावयाचें कीं दुर्बिणीनें काम करावयाचें, हा प्रश्न येथें उभा राहतो. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांना दुर्बिणीची शस्त्रक्रिया अपरिचित नाहीं. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांमुळें ‘बिनटांक्याचें ऑपरेशन’ हे शब्द बायाबापड्यांच्या तोंडीं केव्हांच बसले आहेत. त्यांतूनच एक गैरसमज रुजला आहे: टांका लहान म्हणजे ऑपरेशनहि लहान. बीजवाहिन्या बंद करणें हें कांहीं मिनिटांचें काम. कोलायटिसमध्यें जें आतडें काढावयाचें तें सुमारें पांच फूट लांब. उजव्या कुशींतून यकृताखालीं चढणारें, तेथून आडवें प्लीहेपर्यंत जाणारें, मग डावीकडून कटिरांत उतरणारें. त्याच्या रक्तवाहिन्या एकेक शोधून बंद करावयाच्या, मूत्रवाहिन्यांना आणि शेजारच्या लहान आतड्याला धक्का लागूं द्यावयाचा नाहीं. हें काम कित्येक तासांचें आहे.

उघड्या पद्धतींत पोटाच्या मध्यावर, बेंबीच्या वरपासून खालपर्यंत, एक लांब छेद घेतात आणि सर्जनचे हात प्रत्यक्ष पोटांत असतात. दुर्बिणीच्या पद्धतींत पोटांत कार्बन डायऑक्साइड वायु भरून पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलतात. अर्ध्या ते सव्वा सेंटिमीटरचीं चार-पांच छिद्रें पाडून एकांतून कॅमेरा आणि इतरांतून लांब दांड्यांचीं हत्यारें आंत घालतात. सर्जन पडद्यावर पाहून काम करतो. सुटें झालेलें आतडें ओटीपोटावरच्या लहानशा छेदांतून बाहेर ओढून घेतात. म्हणजे आंतलें काम दोहोंतहि तेंच. आतडें तेवढेंच जातें, आणि आंतला जोड सुटण्याचा धोकाहि दुर्बिणीमुळें नाहींसा होत नाहीं. फरक पडतो तो वाटेचा.

तो फरक क्षुल्लक मात्र नव्हे. लांब छेदाच्या वेदनेमुळें रोगी मोकळा श्वास घेत नाहीं, खोकत नाहीं, आणि छातींत कफ साठतो. जखम पिकण्याचा संभव अधिक. पुढें त्याच जागीं हर्निया होण्याचीहि भीति. मोंढ्यांत पोतीं उचलणाऱ्या हमालाला किंवा ऊंसतोडीवर जाणाऱ्या जोडप्याला हर्निया म्हणजे धंद्यालाच मुकणें. पोटांत आतडीं एकमेकांना चिकटण्याचें प्रमाणहि दुर्बिणीच्या पद्धतींत कमी राहतें. तरुण स्त्रीच्या दृष्टीनें ही बाब फार महत्त्वाची आहे. कारण कटिरांतील उघड्या शस्त्रक्रियेनंतर अशा चिकटण्यामुळें गर्भ राहण्यास अडथळा येतो असें आढळलें आहे, आणि दुर्बिणीनें काम झालेल्या स्त्रियांत तो कमी दिसतो. लग्नाच्या मुलीचें दुखणें लपविणाऱ्या आईबापांनीं निदान एवढें तरी सर्जनला विचारून घ्यावें.

या तंत्राचा इतिहास फार जुना नाहीं. जर्मनीतील कुर्ट झेम यांनीं १९८० सालीं दुर्बिणीतून आंत्रपुच्छ काढलें, एरिख म्यूहे यांनीं १९८५ सालीं पित्ताशय काढलें. भारतांत पित्ताशयाची अशी पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत १९९० सालीं केली. ही पद्धत म्हणजे श्रीमंतांची चैन, हें मत उडवाडिया यांना मान्य नव्हतें. ज्याची रोजची मजुरी बुडते त्यालाच लवकर उभें राहण्याची निकड अधिक, अशी त्यांची भूमिका होती. आणि परभणीसारख्या जिल्ह्यांत तिची सत्यता निराळी पटवून द्यावी लागत नाहीं.

मग उघडी शस्त्रक्रिया मागासलेली म्हणावयाची काय? मुळींच नाहीं. आतडें फुगून फुटलें असेल, रक्तस्राव थांबत नसेल, रक्तदाब ढासळला असेल, तर छेद घेऊन झटपट आंत जाणारा सर्जन हाच खरा प्राणदाता. दुर्बिणीनें आरंभ करून अडचण दिसतांच पोट उघडणें हा देखील पराभव नसून शहाणपणा आहे. नातेवाइकांनीं त्याबद्दल सर्जनला दोष देऊं नये.

खरी गोम निराळीच आहे. या दोन पद्धतींतली निवड पुष्कळदां शस्त्रक्रियागृहांत होतच नाहीं; ती घरीं आणि वाटेंतच होऊन जाते. महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेतलेला, रक्त आणि प्रथिनें गमावलेला, हाडांचा सांपळा झालेला रोगी जेव्हां फुगलेलें पोट घेऊन येतो, तेव्हां त्याच्यापुढें निवड उरलेली नसते. तीव्र झटक्यांत किती थांबावें याचा एक आडाखा ऑक्सफर्डच्याच डॉक्टरांनीं १९९६ सालीं दिला. शिरेंतून स्टेरॉइड सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशींहि रोग्याला आठांहून अधिक वेळां शौचास जावें लागत असेल, तर अशा शंभरांतल्या सुमारें पंच्याऐंशी जणांवर त्याच मुक्कामांत शस्त्रक्रियेची वेळ येते. शस्त्रक्रियेऐवजीं देतां येणारीं कांहीं औषधें त्यानंतर प्रचारांत आलीं. पण तिसरा दिवस हा निर्णयाचा दिवस, हें बदललें नाहीं. तो दिवस गांवच्या दवाखान्यांत सलाइन लावून काढणें म्हणजे हातची संधि दवडणें होय.

परभणीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ सालीं सुरू झालें; नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर येथें तीं पूर्वींपासून आहेत, आणि रेल्वेचा मार्ग दोन्हीकडे जातो. मोठें आतडें काढण्याचें काम जेथें वारंवार होतें तेथेंच जावें. “टांके किती पडतील?” या प्रश्नाआधीं “अशा शस्त्रक्रिया येथें किती होतात?” हा प्रश्न विचारावा; चांगला सर्जन त्यानें रागावत नाहीं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंत कोणतें रुग्णालय आणि कोणता खर्च बसतो, याची चौकशी रोगी हिंडताफिरता असतांनाच करून ठेवलेली बरी.

अशक्त रोग्यावर हें काम सहसा टप्प्याटप्प्यानें करतात. प्रथम मोठें आतडें काढून गुदाशय तेवढा ठेवतात आणि लहान आतड्याचें टोंक पोटाच्या कातडीवर आणतात. मळ तेथें चिकटविलेल्या पिशवींत जमतो. या पिशवीचीच लोकांना सर्वांत धास्ती वाटते. वास्तविक ती कपड्याखालीं दिसत नाहीं, आणि ती लावून शेतावर किंवा कचेरींत जातां येतें. धोका निराळा आहे. मोठें आतडें पाणी आणि मीठ शोषून घेतें. तें गेल्यावर दोन्हीं पातळ मळावाटे वाहून जातात. वैशाखांत परभणीचा पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हां अशा माणसानें नुसतें पाणी पीत राहिल्यास मीठ आणखीच उतरतें आणि चक्कर येते. त्याला क्षारसाखरेचें पाणीच हवें, आणि त्याचीं पाकिटें घरांत कायम असावींत.

कांहीं महिन्यांनीं, रोगी अंगानें भरला आणि स्टेरॉइड सुटलें, म्हणजे दुसरा टप्पा येतो. आणि दुर्बिणीची पद्धत येथें सर्वांत शोभते. गुदाशय काढून लहान आतड्याच्याच टोंकाची दुमडून एक थैली शिवतात आणि ती गुदद्वाराशीं जोडतात. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयांतील पार्क्स आणि निकल्स यांनीं ही युक्ति १९७८ सालीं प्रसिद्ध केली. जोड भरून येईपर्यंत पोटावरचें तोंड ठेवतात; मग तिसऱ्या, लहान शस्त्रक्रियेनें तें बंद करतात. या थैलीलाहि अधूनमधून सूज येते आणि तिच्यावर औषध घ्यावें लागतें. शौचास दिवसांतून पांच-सहा वेळां जावें लागतें, कधीं रात्रींहि एकदां उठावें लागतें. परंतु बहुतेकांना आतां धांवावें लागत नाहीं, एस. टी.च्या प्रवासांत पुढचा थांबा येईपर्यंत बसून राहतां येतें.