जुन्या मोटारसायकलच्या कार्बोरेटरमधील पेट्रोल गळती : निदान आणि उपाय

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील ऊस आणि दूध उत्पादक शेतकऱ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कृषिविद्या शिकवणारा माणूस आज मोटारसायकलवर काय बोलणार, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. तो प्रश्न रास्त आहे. मी गाडीचा मिस्त्री नाही. परंतु पहाटे डेअरीला दुधाचे कॅन पोचवायचे, इंदापूरहून औषध आणायचे, रात्री वीज आली की विहिरीवरची मोटार चालू करायला जायचे, ही सर्व कामे आपण ज्या वाहनावर करतो ते आज नांगर-कुळवाइतकेच शेतीचे अवजार झाले आहे. अवजाराची निगा हा शेतीचाच विषय होय.

आपल्या भागात अजूनही जुनी राजदूत, येझदी, बुलेट किंवा नव्वदच्या दशकातली 100 सी.सी.ची गाडी वस्तीवर नेटाने काम देते. 1 एप्रिल 2020 पासून बी.एस.-6 नियम लागू झाले आणि त्यानंतरच्या बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. त्यामुळे कार्बोरेटरचे काम नीट जाणणारे हात हळूहळू कमी होत जाणार. म्हणून निदान दोष ओळखण्यापुरते ज्ञान गाडीच्या मालकाला असावे, असे मला वाटते.

गळती अंगावर काढू नये

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. वडिलांच्या जुन्या गाडीच्या कार्बोरेटरखालून पेट्रोल ठिबकत असे. मी त्याखाली एक रिकामा डबा ठेवला आणि "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणत महिना काढला. गाडी पडवीत, शेजारी कडब्याच्या पेंढ्या आणि चार पावलांवर पाणी तापवायचा बंब. एका पहाटे आई बंब पेटवायला गेली. काडी ओढण्याआधी तिला वास आला आणि ती थांबली. डबा भरून पेट्रोल फरशीवर पसरले होते. पुढे पाहणी केली तेव्हा दोष काय निघाला? टाकीतल्या गंजाचा मोहरीएवढाही नसलेला एक कण. चूक त्या कणाची नव्हती, माझ्या आळसाची होती.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता जमिनीलगत सरपटत चूल, बंब किंवा दिव्यापर्यंत पोचते. कडाक्याच्या थंडीतही पेट्रोलची पेट घेण्याजोगी वाफ तयार होते. हा पहिला धोका.

दुसरा धोका इंजिनाचा. फोर-स्ट्रोक गाडीत जादा पेट्रोल इनलेटमधून सिलिंडरमध्ये व तेथून खाली ऑइलमध्ये उतरू शकते. ऑइल पातळ होते, त्याचे वंगण कमी होते आणि बेअरिंग, पिस्टन, रिंगा यांची झीज होते. ऑइलच्या काडीवर पातळी वाढलेली दिसली आणि तिला पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालू करू नये. आधी गळती दुरुस्त करावी व ऑइल बदलावे.

तिसरे नुकसान खिशाचे. अर्ध्या तासात 10 मि.लि. पेट्रोल ठिबकत असेल तर तासाला 20 मि.लि. होते. कॉक चालू राहिलेल्या 10 तासांच्या रात्रीत 200 मि.लि. आणि 30 रात्रींत 6 लिटर पेट्रोल जाते. ठिबक संचातील ड्रिपरचा प्रवाह आपण मोजतो, तसाच हाही एकदा मोजून पाहावा. मोजणी उघड्यावर, समोर थांबून आणि काचेच्या बाटलीत करावी.

कार्बोरेटरमधील बॉल कॉक

गोठ्यावरच्या पाण्याच्या टाकीला आपण बॉल कॉक बसवतो. पाणी चढले की चेंडू वर येतो आणि नळ बंद होतो. कार्बोरेटरची रचना अगदी अशीच असते. टाकीतून कॉक व नळीवाटे आलेले पेट्रोल खालच्या वाटीत, म्हणजे बाउलमध्ये, साठते. त्यात तरंगणारा फ्लोट वर आला की तो एका टोकदार सुईला, म्हणजे नीडलला, वर ढकलतो. नीडल आपल्या सीटमध्ये बसली की पेट्रोल बंद होते. पेट्रोल खर्च झाले की फ्लोट खाली येतो आणि पुन्हा पेट्रोल सुरू होते.

नीडल नीट बसली नाही तर बाउल भरून वाहू लागतो. जादा पेट्रोल ओव्हरफ्लो नळीवाटे खाली पडते. जेथे अशी नळी नसते तेथे ते बाउलच्या सांध्यातून किंवा इंजिनकडे जाते.

निदान कसे करावे

प्रथम गाडी अंगणात, उघड्यावर घ्यावी. इंजिन थंड असावे. आसपास विडी, चूल, दिवा नसावा. जवळ कोरड्या मातीची किंवा वाळूची बादली ठेवावी. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतू नये. ते तरंगत आगीसह पसरते.

त्यानंतर टाकीच्या कॉकपासून बाउलच्या तळापर्यंतचा सर्व भाग फडक्याने पुसून पूर्ण कोरडा करावा. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून कॉक चालू करावा, इंजिन बंद ठेवावे आणि दहा मिनिटे निरीक्षण करावे. पेट्रोल नेहमी वरून खाली ओघळते. म्हणून जेथे थेंब पडतो तेथे दोष न शोधता, सर्वांत वर जेथे ओल दिसते तेथे शोधावा. बारीक ओल दिसत नसल्यास सांध्यावर थोडी टाल्कम पावडर भुरभुरावी. पहिली ओल तिच्यावर लगेच उमटते.

1) टाकी व कॉकच्या सांध्यात ओल : कॉकची ओ-रिंग किंवा पॅकिंग खराब झाले आहे.

2) कॉकच्या मुठीभोवती ओल : आतील रबरी चकती आखडली किंवा फाटली आहे.

3) नळीच्या टोकाशी ओल : नळी कडक होऊन चिरली आहे किंवा क्लिप सैल आहे. नळी हलकेच वाकवून पाहावी, म्हणजे चिरा दिसतात.

4) ड्रेन स्क्रूशी थेंब : स्क्रू सैल आहे किंवा त्याची ओ-रिंग गेली आहे.

5) बाउलच्या सांध्यात ओल : येथे बहुतेकांची फसगत होते. पॅकिंग बदलले जाते आणि चार दिवसांत गळती पुन्हा सुरू होते. बाउलमधील पेट्रोलची पातळी सांध्याच्या खाली असायला हवी. सरळ उभ्या गाडीत ते सांध्यापर्यंत पोचले, याचा अर्थ पातळीच वाढली आहे. पॅकिंगबरोबर नीडल व फ्लोटही तपासावेत.

6) ओव्हरफ्लो नळीतून थेंब : नीडलमध्ये कचरा, झिजलेली नीडल, भोक पडलेला किंवा अडकलेला फ्लोट, चुकीची पातळी अथवा बाउलमधील उभ्या पितळी नळीला गेलेला तडा, यांपैकी एक कारण असते.

जुन्या गाड्यांच्या काही कार्बोरेटरांवर टिकलर नावाची छोटी दांडी असते. थंड गाडी सुरू करताना ती दाबून फ्लोट खाली ढकलतात. ती धुळीने दाबलेलीच अडकून राहिली तरी बाउल वाहतो. ती मोकळी वर येते ना, हे पाहावे.

उघडण्यापूर्वीचा सोपा उपाय

ओव्हरफ्लोतून गळत असेल तर लगेच पाना घेऊ नये. कॉक बंद करून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने बाउलवर हलके दोन-तीन टोले द्यावेत. अडकलेला फ्लोट बऱ्याचदा सुटतो. नंतर ड्रेन स्क्रू सैल करून बाउलमधील पेट्रोल काचेच्या बाटलीत काढावे, काही क्षण कॉक चालू करून ताजे पेट्रोल वाहू द्यावे आणि स्क्रू आवळावा. सीटवर बसलेला कण याने वाहून जाऊ शकतो.

बाटली उजेडात धरून पाहावी. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी, तांबूस कण दिसले तर टाकीतील गंज आणि पांढरी भुकटी दिसली तर धातूची झीज समजावी. जमिनीला काय हवे ते माती परीक्षणात कळते, तसे टाकीच्या आत काय चालले आहे ते या बाटलीत कळते.

बाउल उघडून दुरुस्ती

एवढ्याने गळती थांबली नाही तर कॉक बंद करून व बाउल रिकामा करून कार्बोरेटर उतरवावा. स्क्रूच्या खाचेत बरोबर बसणाराच स्क्रू ड्रायव्हर वापरावा. फ्लोटची पिन हळू ढकलून काढावी. तिचे खांब नाजूक असतात.

नीडलचे टोक नखाने चाचपावे. त्यावर गोल खाच लागली तर नीडल बदलावी आणि सीट निघण्याजोगी असल्यास जोडीने बदलावी. सीटमध्ये तार किंवा टाचणी घालू नये. कापूस गुंडाळलेल्या काडीने ती पुसावी आणि पंपाच्या हवेने मार्ग मोकळे करावेत.

फ्लोट कानाशी हलवावा. आत पेट्रोल हिंदकळले तर त्याला भोक आहे. शंका असल्यास पेट्रोल पूर्ण वाळल्यावर फ्लोट गरम पाण्यात बुडवावा. भोकातून बुडबुडे येतात. हे पाणी चुलीवर ठेवू नये, दुसरीकडे तापवून आणावे. पितळी फ्लोटला डाग देऊन घेता येतो, पण डागाने वजन वाढते व पातळी बदलते. नवा फ्लोट घालणे बरे.

ओव्हरफ्लोची पितळी नळी तपासण्यासाठी सुटा बाउल नळीच्या टोकाच्या किंचित खालपर्यंत पेट्रोलने भरावा. तरीही खालून थेंब आला तर नळीला तडा आहे. हा दोष माहीत नसल्याने अनेक चांगल्या नीडला विनाकारण बदलल्या जातात.

जोडणी झाल्यावर, बाउल लावण्याआधी कार्बोरेटर उलटा धरावा म्हणजे फ्लोटच्या वजनाने नीडल बंद होईल. पेट्रोल येण्याच्या तोंडाला नवी कोरडी नळी लावून हलकी फुंकर मारावी. हवा जाता कामा नये. सुलट धरल्यावर मात्र ती मोकळी जावी. पितळी फ्लोटची जीभ किंचित वाकवून पातळी साधता येते. तिचे माप प्रत्येक गाडीचे वेगळे असल्याने पुस्तिकेत पाहूनच करावे.

बाउलला नवे पॅकिंग घालून स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत. वरून साबण किंवा लेप थापणे ही दुरुस्ती नव्हे. तसेच सलाईनची किंवा ठिबकची नळी पेट्रोलला लावू नये. ती पेट्रोलने कडक होऊन तडकते.

आपला ऊस, आपले इथेनॉल आणि जुने रबर

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांना ऊस घालणारी अनेक मंडळी येथे बसली आहेत. उसाचा रस व मळी यांपासून होणारे इथेनॉल आज पेट्रोलमध्ये मिसळते. महाराष्ट्रासह काही राज्यांत 2003 मध्ये 5 टक्के मिश्रणाने सुरुवात झाली, 2022 मध्ये देशात 10 टक्क्यांचा टप्पा गाठला गेला आणि फेब्रुवारी 2023 पासून 20 टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. यात ऊस उत्पादकाचे हित आहे. म्हणून त्याचा आपल्या जुन्या गाडीवर होणारा परिणामही आपणच समजून घ्यावा.

जुन्या गाड्यांचे रबर या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉलने काही प्रकारचे जुने रबर फुगते व मऊ पडते, आणि गाडी बंद राहून ते वाळले की आखडते. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की पाणी व इथेनॉलचा थर तळाशी बसतो आणि धातू खातो. शिवाय टाकीत वर्षानुवर्षे चिकटलेला मळ सुटून नीडलपर्यंत येतो. म्हणजे नीडल, पॅकिंग आणि नळी, तिन्ही ठिकाणी गळतीला वाट मिळते.

याला घाबरण्याचे कारण नाही. नळी, ओ-रिंग आणि पॅकिंग इथेनॉलला टिकणारी आहेत का, हे विचारून घ्यावे. व्हिटॉन रबराचे भाग अधिक टिकतात. टाकीच्या झाकणाचे रबर तपासावे, म्हणजे पावसाचे पाणी आत जाणार नाही. ऊसतोडीच्या किंवा लग्नसराईच्या गडबडीत गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बाउल रिकामा करून ठेवावा.

मिस्त्रीकडे केव्हा जावे

कार्बोरेटरच्या अंगालाच तडा असेल, न निघणारी सीट झिजली असेल किंवा टाकी आतून गंजली असेल, तर काम जाणकाराकडे द्यावे. टाकीला घरी किंवा गावातल्या वेल्डिंगवर डाग देऊ नये. रिकाम्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते.

थोडक्यात

• गाडी उभी केली की कॉक बंद करावा. ही सवय बिनखर्ची आहे.
• पुसून कोरडे करून सर्वांत वरची ओल शोधावी.
• सांधा गळत असेल तर पातळीही तपासावी.
• ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन सुरू करू नये.
• गाडी चूल, बंब आणि कडब्यापासून दूर ठेवावी.

गोठ्यातली गाय वैरण टाकून उभी राहिली तर आपण दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. गाडीखाली पडलेला थेंब हीदेखील तशीच खूण आहे. आज घरी गेल्यावर गाडीखाली एक कोरा कागद पसरून ठेवा आणि कॉक चालू ठेवून दहा मिनिटे तेथेच थांबून पाहा. कागद कोरडा राहिला तर उत्तमच. ओला झाला तर त्याखाली डबा ठेवण्याची माझी चूक आपण करू नये, एवढीच विनंती.